बेचाळीस शर्ट आणि एक सही

डोंगरभटकंती मंडळाच्या अध्यक्षांचं डोंगरांवर फार प्रेम होतं, आणि ते पायथ्याशी बसूनही करता येतं असा त्यांचा अनुभव होता. दातांचा दवाखाना बंद करून त्यांना आठ वर्षं झाली होती. तरी समोरच्याने तोंड उघडलं की बोलायचं आपणच, ही धंद्यातली सवय काही सुटली नव्हती. शोकसभेत ते चाळीस मिनिटं बोलले. पहिली पाच मिनिटं गेलेल्या माणसावर आणि उरलेली स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर.

गेलेल्या माणसाची लेक पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. आपल्या वडिलांना मंडळात काय म्हणायचे हे तिला ठाऊक होतं. ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. आता तेच लोक एकेक करून उठत होते आणि इन्स्पेक्टर किती बारकाईने पाहायचे, किती काटेकोर होते, असं रुमालाने डोळे टिपत सांगत होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय.

वडील एका लोकरीच्या गिरणीत कापड तपासनीस होते. एकतीस वर्षं त्यांनी कापड ताणलं, घासलं, भिजवलं, जाळलं, आणि जे टिकलं त्याच्या चिठ्ठीवर सही केली. चिठ्ठी छापील होती. वर कापडाचा प्रकार, खाली लोकर किती टक्के आणि कृत्रिम धागा किती टक्के, त्याखाली ‘तपासले’ हा शब्द, आणि शेवटी सहीची रेघ. मालकाचा पुतण्या घाईत होता म्हणून त्यांनी एकदा न तपासलेल्या गठ्ठ्यावर सही करावी असा आग्रह झाला, तेव्हा ते जेवणाचा डबा उचलून घरी निघून आले होते. तीन दिवस घरीच बसले. चौथ्या दिवशी गिरणीची गाडी न्यायला आली. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता आणि बायकोला धसका.

मंडळात दर चार वर्षांनी नवे शर्ट व्हायचे आणि ते निवडायचं काम वडिलांकडे असायचं. म्हणजे त्यांनी ते कुणाला घेऊ दिलं नव्हतं. नमुन्याचा शर्ट आला की ते तो अंगात घालायचे, पाठीवर विटा भरलेली सॅक चढवायचे आणि आठ दिवस टेकडी चढायचे-उतरायचे. आठ दिवस शर्ट धुवायचा नाही. नवव्या दिवशी तो बायकोच्या नाकासमोर धरायचा. तिने तोंड फिरवलं तर शर्ट नापास, नुसत्या भुवया उंचावल्या तर पास.

“नुसती लोकर घ्याल तर सॅकच्या पट्ट्याखाली दोन वर्षांत जाळी पडेल,” ते लेकीला सांगायचे. “नुसतं सिंथेटिक घ्याल तर कापड जन्मभर टिकेल, आणि त्याचा वासही. मिश्रण घ्यायचं. लोकर माणसासाठी आणि प्लॅस्टिक पट्ट्यासाठी.” कापड हाताला लावून बघणाऱ्यांवर त्यांचा राग होता. हाताला काय, हाताला सगळंच मऊ लागतं. मानेला लावून बघा. खांद्यावरची शिवण उलटून बघा, ती थेट पट्ट्याखाली येत असेल तर दुकानदाराला नमस्कार करा आणि बाहेर पडा. लेकीला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचेच वडील दुकानात शर्ट उलटा करून त्याच्या आत डोकं घालतात.

त्यांना जाऊन महिना झाला तेव्हा अध्यक्ष घरी आले. बरोबर होकायंत्र होते. हे मंडळाचे वाटाडे. एकदा त्यांनी एकोणीस माणसांना टेकडीच्या चुकीच्या बाजूने उतरवून एका कोंबडीपालन केंद्रात नेलं होतं, तेव्हापासून त्यांचं हे नाव पडलं होतं.

“वहिनी,” अध्यक्ष म्हणाले, “आम्ही ठरवलंय. यंदाचे शर्ट त्यांच्या स्मरणार्थ. बेचाळीस शर्ट. प्रत्येकाच्या छातीवर ते!”

“म्हणजे त्यांचा फोटो?” आईने घाबरून विचारलं.

“फोटो नको, फोटो धुतला की माणूस फिका पडतो,” होकायंत्र म्हणाले.

“सही!” अध्यक्षांनी मांडीवर थाप मारली. “त्यांची सही छापायची. काय बाणेदार सही होती! आमच्या नोटिसांवर किती वेळा विरोधात पाहिलीय.”

त्या महिन्यात आई घरात असून नसल्यासारखी होती. भाजी चिरायला घ्यायची आणि सुरी हातात धरून बसून राहायची. कुणी काही विचारलं तर ‘हो’ किंवा ‘ठेव तिथे’ एवढंच. पण अध्यक्षांचं बोलणं ऐकून ती उठली, चांगले कप काढले, आणि पाहुणे गेल्यावर कपाटाचे चारही खण पलंगावर ओतून सही शोधायला बसली. बँकेच्या कागदावरची सही तिला पसंत पडेना. “ही भीतभीत केलीय,” ती म्हणाली. विम्यावरची नको, तिच्यात अक्षरं एकमेकांत घुसलीत. शेवटी गिरणीची जुनी चिठ्ठीवही सापडली. त्यातल्या भरलेल्या चिठ्ठ्यांमधून एक तिने चष्मा पुसून पुसून निवडली. “बघ, ही कशी झाली आहे. अगदी हे दारातून आत येतात तशी.”

लेकीने मान डोलावली. चार आठवड्यांनी आई पहिल्यांदाच पूर्ण वाक्यात बोलत होती.

शर्ट समिती नेमली गेली. अध्यक्ष, होकायंत्र, इतिवृत्त लिहिणाऱ्या चिटणीसबाई, आणि दिवंगतांच्या वतीने लेक. ग्रंथालयातलं काम संपवून ती दर शनिवारी संध्याकाळी सायकलच्या दुकानावरच्या मंडळाच्या खोलीत जायची. भिंतीवर शिखराचा मोठा फोटो होता, खालून काढलेला. चार बैठका झाल्या. पहिलीत रंग ठरला, हिरवा. दुसरीत तो बदलला आणि गडद हिरवा झाला. तिसरीत सही पाठीवर असावी की छातीवर यावर दीड तास गेला, कारण पाठीवर सॅक येते असं कुणीतरी म्हणालं आणि मंडळात सॅक नेमकं कोण नेतं यावरून वाद पेटला. चौथ्या बैठकीत अध्यक्षांनी चिठ्ठी दिव्यासमोर धरली आणि त्यांना एक कल्पना सुचली.

“नुसती सही का? वरचा ‘तपासले’ शब्दही घेऊ की! काय शोभून दिसतंय बघा. ‘तपासले’, आणि खाली सही. एकदम ऐतिहासिक!”

“वा,” होकायंत्र म्हणाले.

“एकमताने मंजूर,” चिटणीसबाईंनी लिहिलंसुद्धा.

कापड कुठलं, हा विषय एकाही बैठकीत निघाला नव्हता. लेकीने तो काढला तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू लग्नाच्या मांडवात कुणी नवऱ्या मुलाचं शिक्षण विचारावं.

“अगं बाळ, त्याची काळजी मिटलीय,” अध्यक्ष म्हणाले. “आमचे जावई त्याच धंद्यात आहेत.”

पुढच्या शनिवारी जावई नमुना घेऊन हजर झाले. उंची सुवासाचा, हसरा माणूस, दोन फोन बाळगणारा. “साठ टक्के लोकर, चाळीस टक्के सिंथेटिक,” ते म्हणाले. “काकांच्या आठवणीसाठी मी खास मागवलाय. हात लावून बघा, कसं मऊ आहे.”

सगळ्यांनी हात लावून बघितला. सगळ्यांना मऊ लागला. लेकीने तो मानेला लावला. मऊ तर होताच, पण दुकानातल्या नव्या सोफ्यासारखा थंड आणि गुळगुळीत. तिने खांदा उलटून पाहिला. शिवण बरोबर पट्ट्याखाली येत होती, दोरीसारखी जाड.

“याचं प्रमाणपत्र असेल ना?” तिने विचारलं.

“येतंय मागून,” जावई म्हणाले.

“कुठून?”

“मागून.”

अध्यक्ष हसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “इन्स्पेक्टरची मुलगी शोभतेस! पण बाळ, अशा वेळी कापड बघायचं नसतं, भावना बघायच्या असतात.”

भावनांमध्ये लोकर किती टक्के, हे तिने विचारलं नाही. नमुना पिशवीत घालून ती घरी आली. आईने तो लगेच हिसकावून घेतला, खुर्चीच्या पाठीला चढवला, आणि छातीच्या जागी चिठ्ठी टाचणीने लावून दोन पावलं मागे होऊन बघत राहिली.

“इथे हवी ना? का जरा वर?”

“तिथे छान दिसते,” लेक म्हणाली.

मग सबंध आठवडा तो शर्ट खुर्चीवर होता. आई जाता-येता त्याची कॉलर सारखी करायची. शेजारणीला आत बोलावून दाखवायची. “बेचाळीस आहेत असे,” ती सांगायची. ती आता वेळेवर जेवू लागली होती, आणि लेक वेळेवर जेवेनाशी झाली होती. तिच्यापुढचा पेच सरळ होता. शर्टात लोकर नसेल तर वडिलांनी जन्मात जे केलं नाही ते आता बेचाळीस वेळा त्यांच्या नावावर होणार होतं. आणि हे बोलावं, तर आईला खुर्चीवरून तो शर्ट काढावा लागणार होता. तिने अध्यक्षांना एकांतात फोन करून पाहिला. ते म्हणाले, “शंका हा दुःखाचाच एक प्रकार आहे,” आणि गुडघ्याची चौकशी तिने केली नाही तरी त्याची हकीकत सांगितली.

कदाचित आपलंच चुकत असेल, असं तिला मनापासून वाटत होतं. वाटावं अशी इच्छा तरी होती. म्हणून शुक्रवारी सकाळी, आई खाली दूध आणायला गेली असताना, तिने वडिलांची पद्धत वापरली. शर्टाच्या आतल्या शिवणीतली बोटभर पट्टी कापून घेतली. काचेच्या एका ग्लासात ब्लीच ओतून त्यात ती बुडवली. ब्लीच लोकर खातं, सिंथेटिकला शिवत नाही. साठ टक्के लोकर असेल तर संध्याकाळपर्यंत पट्टीची विरळ जाळी व्हायला हवी. दुसऱ्या ग्लासात तिने वडिलांच्या जुन्या लोकरी मोज्याचा धागा टाकला. ब्लीच जुनं, मेलेलं नाही ना, हे कळावं म्हणून ते नेहमी असा एक खात्रीचा धागा शेजारी ठेवायचे. त्याला ते ‘साक्षीदार’ म्हणायचे. दोन्ही ग्लासांवर बशा उपड्या घालून तिने ते मोरीच्या खिडकीत, मोठ्या बादलीच्या आड सारले आणि ती कामाला गेली.

आड सारण्याचा काही उपयोग झाला नाही. सदतीस वर्षं त्या घरात, बशी झाकलेला ग्लास दिसला की त्याला हात लावायचा नाही, हा नियम होता. आणि वडील गेल्यापासून असा ग्लास कुणी ठेवला नव्हता.

लेक संध्याकाळी आली तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. पुढ्यात दोन्ही ग्लास, बशा अजून तशाच.

“किती वाजता ठेवलंस?” तिने विचारलं.

“साडेआठला.”

“साक्षीदार कुठल्यात?”

“डावीकडच्या.”

आईने डावी बशी उचलली. ग्लासात काही नव्हतं. धागा पूर्ण विरघळून गेला होता. मग तिने उजवी उचलली. गडद हिरवी पट्टी तळाशी पडली होती, जशीच्या तशी. एक टाकाही सुटला नव्हता. उलट न्हाऊन निघाल्यासारखी ताजीतवानी दिसत होती.

“दहा टक्केसुद्धा नाही,” आई म्हणाली.

“नाही.”

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“माहीत आज झालं. वाटत होतं शनिवारपासून.”

“आणि सांगणार कधी होतीस?”

आईने चिमट्याने पट्टी बाहेर काढली, नळाखाली धुतली, पिळून फडक्यावर वाळत घातली. सगळं अगदी सवयीच्या हातांनी. मग बाहेर जाऊन तिने खुर्चीवरच्या शर्टातली टाचणी काढली, आणि चिठ्ठी पुन्हा वहीत ठेवताना म्हणाली, “उद्या मीपण येते तुमच्या मीटिंगला.”

आई खोलीत शिरली तशी समिती उभी राहिली. अध्यक्षांनी स्वतःची गादीची खुर्ची दिली. ऑर्डरचा दिवस असल्यामुळे जावईही होते, दोन्ही फोन टेबलावर पालथे ठेवून.

“वहिनी, तुमच्या उपस्थितीने...” अध्यक्षांनी सुरुवात केली.

“हो, ते नंतर,” आई म्हणाली आणि तिने पिशवीतून चिठ्ठीवही काढली. “सही तुम्हाला द्यायचीच आहे. पण यांची पद्धत तुम्हाला माहीत आहे. चिठ्ठी भरल्याशिवाय सही व्हायची नाही. यांनी हा शर्ट बघितलेला नाही. तेव्हा म्हटलं, नवी चिठ्ठी करू.” तिने कोरी चिठ्ठी फाडली, पेन उघडलं आणि एकेक अक्षर कोरत लिहू लागली. “लोकर साठ. बरोबर ना हो, जावईबापू? सिंथेटिक चाळीस. तुम्ही सांगितलं तेच लिहितेय. ‘तपासले’ छापलेलंच आहे. घ्या, करा सही.”

जावई हसले. “माझी सही कशाला, काकू?”

“माल तुमचा ना?”

“माल माझा. पण मी फक्त पुरवतो. तपासणं माझ्याकडे नाही.”

“मग कुणाकडे आहे?”

“ते... मागे. कंपनीत.”

“बरं.” आईने चिठ्ठी पुढे सरकवली. “डॉक्टर, मग तुम्ही करा. जावई तुमचे आहेत, तुमचा विश्वास असेलच.”

“विश्वास? अहो, शंभर टक्के!” अध्यक्ष म्हणाले आणि पेनाकडे असे बघू लागले, जणू पेशंटने त्यांच्यावरच पक्कड उगारली असावी. “पण वहिनी, मी पडलो दातांचा डॉक्टर. कापडातलं मला काय कळतं?”

“निवडलात ना?”

“निवडणं वेगळं. सही वेगळी.”

चिठ्ठी होकायंत्रांकडे गेली. त्यांनी ती वाचली, उलटी करून मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटी केली, आणि रस्ता सापडेना तेव्हा ते नेहमी जे करायचे ते केलं. शेजारच्याच्या हातात दिली. चिटणीसबाईंनी ती दोन बोटांनी धरून परत टेबलाच्या मधोमध ठेवली. “मी फक्त इतिवृत्त लिहिते हं,” त्या म्हणाल्या.

खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होतं, त्याची किरकिर वर ऐकू येत होती.

“आता अगदी काटेकोर म्हणाल तर,” अध्यक्षांनी घसा साफ केला, “पाच-दहा टक्के इकडे-तिकडे असेलही. धंदा म्हटला की...”

लेकीने पर्समधून पट्टी काढून चिठ्ठीवर ठेवली. “काका, ही कालचा सबंध दिवस ब्लीचमध्ये होती. लोकर ब्लीचमध्ये विरघळते. इकडे-तिकडे काही नाही. लोकर नाहीच.”

“सॅम्पल कापलंत तुम्ही?” जावई ताडकन म्हणाले. “ते परत द्यायचं होतं!”

आख्ख्या संध्याकाळीत त्यांनी मनापासून उच्चारलेलं हे पहिलं वाक्य होतं.

अध्यक्षांचा चेहरा क्षणभर उतरला. पण त्यांनी उभ्या आयुष्यात किडलेल्या दातांवर चांदी भरली होती. कुठल्या भोकात काय बसवायचं ते त्यांना बरोबर कळायचं. ते पुढे झुकले आणि अतिशय हळुवारपणे म्हणाले, “वहिनी, सहीबद्दल तुमच्या मनात एवढा किंतु असेल, तर आपण सही वगळू या. तुमच्या भावना दुखवून आम्हाला काही करायचं नाही.”

खोलीभर सुटकेचा निःश्वास पसरला. सही वगळायची म्हटल्यावर शर्ट चांगलाच होता. रंग छान होता, माप बरोबर होतं, जावई घरचे होते. छातीवर ‘चला डोंगराकडे’ छापावं अशी सूचना होकायंत्रांनी केली आणि सगळ्यांना ती फार आवडली. चिटणीसबाई लिहू लागल्या. लेकीला समोरून उलटी अक्षरं वाचता येत होती. ‘कुटुंबीयांच्या इच्छेला मान देऊन दिवंगतांची सही वगळण्यात येत आहे. शर्टांची खरेदी एकमताने मंजूर.’

“एकमताने नाही,” लेक म्हणाली.

“बरं, बहुमताने,” चिटणीसबाई म्हणाल्या आणि त्यांनी शब्द बदलला.

आईने वही पिशवीत घातली. भरलेली चिठ्ठी मात्र तिने टेबलावरच राहू दिली. “राहू दे,” ती म्हणाली, “कुणाला सही करावीशी वाटलीच तर.” अध्यक्ष त्यांना दारापर्यंत सोडायला आले. जिना अरुंद आहे, सांभाळून उतरा, म्हणाले. ते खरं होतं.

रस्त्यावर दिवे नुकतेच लागत होते. दोघी बसथांब्याकडे निघाल्या. आई नेहमीपेक्षा भरभर चालत होती आणि लेकीला वाटलं, तिला बरं वाटतंय. आपणच उगाच आठवडाभर जीव जाळला.

“काय तोंडं झाली होती एकेकाची,” लेक म्हणाली. “पेन म्हणजे जणू विंचू. बाबा असते तर...”

“हे असते तर डबा उचलून घरी आले असते.”

“हो. बरोबर केलंस तू, आई. त्यांना अजिबात चाललं नसतं.”

“नसतंच चाललं.”

बसथांब्यावर बाक रिकामं होतं. आई बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि समोरून जाणाऱ्या माणसांकडे बघत राहिली. ऑफिसांतून सुटलेली माणसं होती, अंगावर साधे शर्ट, खिशाला पेनं.

“बेचाळीस जणांच्या छातीवर हे दिसले असते गं,” ती म्हणाली. “दर रविवारी.”

“खोट्या कापडावर, आई.”

“खोट्या कापडावर,” आई म्हणाली. “यांना आवडलं नसतं. मला आवडलं असतं.”

लेक शेजारी बसली. बस यायला अजून अवकाश होता.